बाबाजीच्या उजव्या पायाचा मान

पेणच्या खाडीलगत खारकोंड नावाचं गाव आहे. गावात डॉक्टर नव्हता, दवाखाना नव्हता, पण बाबाजी म्हात्रेचा उजवा पाय होता, आणि तेवढ्यावर गावाचं झकास चाललं होतं. बाबाजी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायानं बाहेर आलेला. अशा माणसानं पाय लावला की कमरेत भरलेली उसण निघून जाते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुठला पाय आधी बाहेर आला ते सुईणीनं कुणाला सांगितलं नव्हतं. बाबाजीनंच मोठेपणी उजवा ठरवला, कारण डाव्याला कुरूप होतं.

सुरुवातीला काम फक्त कमरेचं होतं. माणूस ओटीवर पालथा पडायचा, बाबाजी तीनदा पाय लावायचा, माणूस नारळ ठेवून जायचा. उसण तशीही चार दिवसांत आपली आपण जाते, पण ती काही श्रेय मागायला परत येत नाही, म्हणून ते बाबाजीकडेच राहायचं. मग खाडीकडच्या गावांत कबड्डीचं वेड वाढलं. भातकापणी झाली की दर रविवारी कुठं ना कुठं सामने, आणि सोमवारी बाबाजीच्या ओटीवर मुरगळलेले घोटे. कमरेवाल्यानं घोट्यात कशाला पडावं, असा विचार दुसऱ्या कुणीही केला असता. बाबाजीनं केला नाही. घोटे झाले, टाचा झाल्या, गुडघे झाले. नागोठण्याहून एक जण मान आखडली म्हणून आला, तर त्याच्या मानेवरही पाय ठेवला. तो पुन्हा कधी आला नाही, म्हणजे बरा झाला असं गावानं धरून टाकलं.

घोट्याची त्यानं स्वतःची रीत बसवली होती. आधी पाय लावायचा, मग कडकडीत तेलानं दाबून चोळायचं, मग माणसाला उठवून अंगणात फिरवायचं. "चाल, बसून ऱ्हायलास तर आखडंल," असं वर ऐकवायचं. सुजलेल्या घोट्याचे याहून जास्त हाल करायचे म्हटलं तर मुद्दाम ठरवावे लागले असते. माणूस ठणाणा करायचा, आणि बघणारे माना डोलवून म्हणायचे, लचक सुटतेय.

या पायानं बाबाजीला मान दिला होता, आणि मानाहून मोठी गोष्ट दिली होती, ती म्हणजे सुट्टी. मिठागरात पाणी सोडण्याआधी खालचा चिखल पायानं तुडवून घट्ट करावा लागतो. गावातली झाडून सगळी माणसं त्यात उतरायची, पण औषधाचा पाय मिठात कसा घालणार? म्हणून बाबाजी बांधावर उभा. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून लावणीच्या दिवसांत तो घरात. त्याची बायको हौसा दोघांच्या वाटचं तुडवायची, दोघांच्या वाटचं लावायची आणि संध्याकाळी त्या पायाला खोबरेल चोळायची. पायाचं नाव गेलं असतं, तर पन्नाशी उलटल्यावर बाबाजीला लेंगा वर करून चिखलात उतरावं लागलं असतं. या एका विचारानं त्याच्या अंगावर काटा यायचा.

त्याच्या भक्तांत पहिला मान हरेशचा. हरेश एके काळी खारकोंडच्या संघाचा चढाईचा गडी होता. तिघं-चौघं अंगावर लटकले तरी रेषा गाठायचा. नागोठण्याकडच्या एका कंपनीनं त्याला आपल्या संघासाठी हेरलं होतं, म्हणजे नोकरी पक्की. तेवढ्यात एका सामन्यात घोटा गेला. बाबाजीनं पाय लावला, चोळलं, फिरवलं, आणि कंपनीनं हरेशला घेतलं नाही. तीन वर्षं झाली, तो अजून लंगडत होता. गाव म्हणायचं, कंपनीत वशिला लागतो. बाबाजीही तेच म्हणायचा. हरेश काहीच म्हणायचा नाही. सामन्यांच्या दिवशी तो बाबाजीची खुर्ची डोक्यावर घेऊन मैदानात जायचा आणि दिवसभर तिच्यामागं उभा राहायचा.

त्या माघात गावच्या सामन्यांचं पंचविसावं वर्ष होतं. रविवारी उद्घाटन, आणि उद्घाटनाला बाबाजीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मंडळाचा अध्यक्ष दिनानाथ, त्यानं पत्रिकेत 'पायाळू' हा शब्द बाबाजीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापून घेतला होता. आणि मंगळवारी सकाळी बायजाबाई दारात आली.

"बाबाजीभावजी, माजी म्हैस लंगडते. जरा पाय लावताव?"

"अगो, जनावर हाय ते," हौसा आतून म्हणाली.

"पायाला मानूस काय नि जनावर काय," बाबाजी म्हणाला आणि निघाला.

गोठ्यात त्यानं म्हशीच्या पुढच्या खुरावर पाय ठेवला आणि डोळे मिटले. डोळे मिटायची काही गरज नव्हती, पण बघायला चार बाया जमल्या होत्या. म्हशीला हा प्रकार नवीन होता. तिनं आपला पाय सोडवून घेतला, तो बाबाजीच्या पायावर ठेवला आणि निवांत रवंथ करत उभी राहिली. बाबाजीनं बोंब ठोकली. जिवाच्या आकांतानं पाय ओढला, पाऊल आत वळलं आणि तो शेणात आडवा झाला. पडता पडता पावलात काहीतरी कटकन वाजलेलं त्यानं ऐकलं.

पण बाबाजी कच्चा नव्हता. तो उठला, दात आवळून हसला आणि म्हणाला, "उतरलं म्हशीचं दुखनं." मग न लंगडता घरापर्यंत चालत गेला. एवढं शौर्य त्यानं आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच कामात दाखवलं नव्हतं. म्हैस दुसऱ्या दिवशी खरोखरच नीट चालायला लागली. खुरात खडा असेल तो त्या झटापटीत निघाला असेल. बायजाबाईनं विहिरीवर सांगितलं की बाबाजीभावजी शेवटी असा काही मंतर ओरडले की गोठा हादरला.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. उंबरा ओलांडताच बाबाजी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. हौसानं पाय मांडीवर घेऊन पाहिला.

"लावा आता पाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुमच्याच पायाला."

तिनं टोमणा मारला होता, पण बाबाजीनं तो मनावर घेतला. उजवा पाय उजव्याच पायाला कसा लावायचा हे त्यानं बसून, झोपून आणि एकदा भिंतीला पाठ लावून करून पाहिलं. जमेना. वडखळला पुतळी म्हणून एक पायाळू बाई होती, पण तिला बाबाजी गेली वीस वर्षं भोंदू म्हणत आला होता. मग त्यानं आपलीच रीत आपल्यावर चालवली. कडकडीत तेलानं चोळलं, हळद-गुळाचा गरम लेप थापला, दार लावून घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. या रीतीनं किती दुखतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बुधवारी पाय दुप्पट झाला आणि बाहेरची कड काळीनिळी पडली.

त्याच दिवशी हरेश आला. बाबाजीनं घाईघाईनं पायावर गोधडी ओढली.

"काका, रविवारी पयली फेरी तुमची. तुमी मैदानाला पाय लावलाव का मगच सामने चालू."

"हरेश," बाबाजी गंभीरपणे म्हणाला, "पाय उपासाला बसवलाय. रविवारपरेंत कोनाला दिसायचा नाय."

दुसरा कुणी हसला असता. हरेशनं चपला बाहेर काढल्या, गोधडीला हात लावून नमस्कार केला आणि गावभर सांगितलं. संध्याकाळपासून लोक बाबाजीच्या घरावरून जाताना आवाज खाली करून बोलायला लागले.

गुरुवारी पाय जमिनीला टेकेना. तेव्हा हौसा म्हणाली, "रोह्याला जाऊ. तिथं एक बाई डॉक्टर हाय हाडांची."

"पेनला नको?"

"पेनला दवाखान्याच्या दारात उभं ऱ्हायलाव का संध्याकालपरेंत खारकोंडात समजंल."

"व्हय. रोह्यात आपल्याला कोन वलखतं?"

 हौसा तोवर पिशवी भरायला लागली होती.

पेण स्टेशनवर कुणी बघू नये म्हणून ते आडवाटेनं टेम्पोतून जित्याला गेले आणि तिथं गाडीत बसले. ही गाडी पुढं पेणलाच येते हे बाबाजीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं. पेण येऊन जाईपर्यंत तो हौसाच्या पदराखाली डोकं घालून बसला होता. समोरच्या बाईनं विचारलं, "यांना बरं नाही का?" हौसा म्हणाली, "लाजतात." रोह्याला उतरल्यावर तिनं रिक्षावाल्याला सांगितलं, "मुकादमबाईंचा दवाखाना. बँकेच्या मागून घे, फुडून रस्ता खनलाय." बाबाजीचा पाय इतका ठणकत होता की, हिला रोह्यातला खणलेला रस्ता कसा माहीत, हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

तो प्रश्न दवाखान्याच्या बाकांपाशी आल्यावर पडला. पहिल्याच बाकावर खारकोंडचा नाथा बसला होता. दिवाळीत याची कंबर बाबाजीनं तीन लाथांत मोकळी केली होती आणि नाथा ते अजून चावडीवर सांगत असायचा. आता त्याच्या कमरेला रुंद पट्टा होता. बाबाजीला बघताच तो भिंतीकडं वळला आणि गरोदर बायकांनी काय खावं याचा तक्ता मन लावून वाचायला लागला.

"नाथा, तू हितं?"

"मी? मी आपला भाचीला भेटाया आल्तो."

"दवाखान्यात?"

"ती येनार हाय हितंच."

पलीकडं मंडळाचा अध्यक्ष दिनानाथ होता, सत्काराची शाल घालणारा. त्याच्या घोट्याला पट्टी बांधलेली होती. तो न विचारताच म्हणाला, "मी वर्गनीला आलोय." कोपऱ्यात बायजाबाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. म्हशीला तिनं बाबाजीकडं नेलं होतं. स्वतःचा गुडघा मात्र रोह्याला आणला होता.

"नि तुमी कसं काय, काका?" नाथानं विचारलं.

"हौसाला घेऊन आलो," बाबाजी एका पायावर उभा राहून म्हणाला.

एवढ्यात आतून नर्स आली. सहर तिचं नाव, हसरी आणि मोठ्या आवाजाची मुलगी. हौसाला बघून ती लांबूनच म्हणाली, "अय्या, हौसामावशी! टाच काय म्हणते? पायरीवर उभं राहून करायचा व्यायाम करता ना रोज? मागच्या महिन्यात आला नाहीत तुम्ही!"

 हौसाची टाच ही बाबाजीची सगळ्यात मोठी साक्ष होती. दोन वर्षं दुखणारी टाच, दर अमावास्येला पाय लावून त्यानं ती बरी केली, हे त्यानं जिते ते नागोठणे सगळ्या गावांत सांगितलं होतं.

"तू तर बहिनीकडं जातंस म्हनून सांगायचीस," तो हळूच म्हणाला.

"बहीन हाय की रोह्याला," हौसा म्हणाली. "तिनंच दवाखाना दाखवला."

डॉक्टर सलीमा मुकादम बुटक्या, चष्मेवाल्या आणि भयंकर घाईच्या होत्या. प्रश्न विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न विचारायच्या. "चार पावलं टाका. नाही जमत? बसा. इथं दुखतं?" त्यांनी घोट्याच्या हाडाची मागची कड आतून-बाहेरून दाबली. "नाही ना? इथं?" पावलाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर त्यांनी अंगठा टेकला, आणि बाबाजीनं गोठ्यातला मंतर पुन्हा म्हटला. एक्स-रे फोटो काढला. करंगळीच्या मागच्या लांब हाडाचं टोक तुटलं होतं.

"चोळलं कुणी हे?" त्या प्लास्टर भिजवता भिजवता म्हणाल्या. "मुरगळलेला पाय चोळायचा नाही, शेकायचा नाही, हे मी किती जणांना सांगू? बर्फ लावा, पट्टी बांधा, उशीवर पाय उंच ठेवा, दोन दिवस गप बसा. त्याला डॉक्टरही लागत नाही. फक्त बघायचं, हाडावर दाबलं तर दुखतं का आणि चार पावलं टाकता येतात का. दुखत असेल किंवा पावलं टाकता येत नसतील तर लगेच फोटो. तुमच्या खाडीकडून येणारे पाय मी दारातूनच ओळखते, सगळे चोळून सुजवलेले. कुणीतरी पायवाला आहे म्हणे तिकडं. तुम्हाला माहीत आहे?"

हौसा छताकडं बघायला लागली.

"ऐकून हाय," बाबाजी म्हणाला.

"भेटला तर सांगा त्याला. तीन वर्षांपूर्वी एक कबड्डीचा मुलगा आला होता माझ्याकडं. कंपनीच्या तपासणीत नापास झाला, तेव्हा आला, दोन महिन्यांनी. घोट्याचं हाड मोडलेलं होतं आणि त्याच्यावर त्याला चालवलं होतं. हाड जुळलं ते तिरकं. पहिल्या आठवड्यात आला असता तर प्लास्टर घातलं असतं, पुन्हा खेळला असता. इतका चांगला मुलगा! विचारलं, कुणी केलं हे, तर नाव सांगेना. म्हणाला, ज्यांनी केलं त्यांनी बरोबर केलं, चूक माझीच आहे. काय चूक, तर तेही सांगेना. हलू नका, प्लास्टर ओलं आहे."

बाबाजी हलला नव्हता. त्याला एकदम हरेश अंगणात फिरताना दिसला होता. दातांत टॉवेल धरून हरेश त्या दिवशी पंधरा-वीस फेऱ्या चालला होता, आणि बाबाजी ओटीवर बसून 'अजून एक, अजून एक' म्हणत होता.  

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "सगल्यांना म्हाईत व्हतं?"

"सगल्यांना. आदी तुमचा पाय, मंग रोहा. दोन्हीकडनं बरं."

"मंग बोलला का नाय कोन?"

"कोन बोलंल?" हौसा म्हणाली. "तुमच्या पायानं गावाचं नाव हाय. वडखलची, नागोठन्याची मानसं येतात, नारल येतात, देवलाला पत्रे झाले. नि जो बोलंल त्यानं आपन रोह्याला गेल्याचं सांगायचं कसं?"

"नि हरेश?"

"तो एकटाच येलेवर गेला नाय. त्याला वाटलं, तुमी हाव ना."

नागोठण्याच्या पुलावर बाबाजीनं ठरवलं की रविवारी माइक हातात घेऊन अख्ख्या गावाला खरं सांगायचं. शुक्रवारी त्याला मिठागराचा चिखल आठवला आणि त्यानं ठरवलं की अर्धं सांगायचं. शनिवारी संध्याकाळपर्यंत हे एवढंच उरलं की हरेशला तेवढं बाजूला घेऊन सांगू. रविवारी सकाळी त्याला वाटायला लागलं होतं की सांगायलाही चांगला दिवस बघावा लागतो.

मैदानात तो गर्दी व्हायच्या आत हौसाच्या आधारानं येऊन खुर्चीवर बसला. लुंगी खालपर्यंत, वर घरचीच शाल, पाय दिसत नव्हता. फेरीचं दिनानाथनंच निभावून नेलं: "उपासाचा पाय हाय, जमिनीला लावायचा नाय," असं त्यानं माइकवर जाहीर केलं आणि बाबाजीकडं बघून डोळा मिचकावला. हरेश खुर्चीमागं उभा होता. सत्कार दुपारी, पाहुणे म्हणून बोलावलेल्या मंत्र्यांची गाडी आल्यावर होता, म्हणजे गाडी आली असती तर.

दुसऱ्याच सामन्यात गावचा मितेश चढाईला गेला. अठरा वर्षांचं पोर, वाऱ्यासारखं. दोघांनी त्याचा घोटा धरला, तो वळला, आणि किंचाळून पडला. चौघांनी उचलून त्याला बाबाजीच्या खुर्चीसमोर आणून ठेवलं. सगळं मैदान गोळा झालं.

"पाय लावा, काका!" नाथा सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. पट्टा त्यानं सदऱ्याच्या आत बांधला होता.

बाबाजी वाकला. मितेशच्या घोट्याच्या हाडाची मागची कड त्यानं अंगठ्यानं दाबली, आणि पोर कळवळून उलटं झालं. "चार पावलं टाक," तो म्हणाला. मितेशनं एक टाकायचा प्रयत्न केला आणि बसला. बाबाजीला पुढचं सगळं दिसलं: तेल, फेऱ्या, तिरकं हाड, खुर्ची उचलणारा आणखी एक लंगडा मुलगा.

"ह्याला रोह्याला न्या," तो म्हणाला. "आत्ता. चोलायचा नाय, चालवायचा नाय. बर्फ बांदा नि न्या."

 रोह्याच्या बाकावर बसून आलेली माणसं एकमेकांकडं बघेनात.

"नेऊ की," दिनानाथ खालच्या आवाजात म्हणाला, "पन आदी पाय तर लावा. पावनी मानसं बगतान."

तेव्हा बाबाजीचं डोकं फिरलं. त्यानं शाल फेकली, लुंगी वर केली आणि प्लास्टरचा पाय सगळ्यांपुढं लांब केला. "हा बगा! हा तुमचा पाय! म्हशीनं मोडला. मी सोता रोह्याला जाऊन बांदून आलो. ह्यात काय बी नाय, कदी नव्हतं!"

 हौसानं डोळे मिटले. मग नाथाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि नाथाच्या डोक्यात प्रकाश पडणं हे गावाला नेहमीच महागात गेलेलं आहे.

"ऐकलंत?" तो दोन्ही हात वर करून ओरडला. "म्हशीचं दुखनं सोताच्या पायावर घेतलं ह्या मानसानं! म्हैस चालते नि ह्याचा पाय मोडला!"

बायजाबाई रडायला लागली. म्हैस खरंच चालत होती. एक म्हातारी पुढं आली आणि तिनं प्लास्टरवर डोकं टेकलं, मग दुसरी आली, मग रांगच लागली. दिनानाथनं माइक घेतला आणि त्यागावर बोलायला सुरुवात केली. बाबाजी "नाय, नाय" म्हणत होता, आणि लोक म्हणत होते, बघा, मोठेपणासुद्धा घेत नाही. मितेशचा घोटा हळूच प्लास्टरला टेकवला गेला. ते झाल्यावर मात्र सगळ्यांनी भराभर हालचाल केली. बर्फ आला, टेम्पो आला, हौसा पोराचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली, आणि नाथा ड्रायव्हरशेजारी बसून वाट सांगायला लागला. मितेश वेळेवर रोह्याला पोचला, वेळेवर प्लास्टर झालं. याचं श्रेय कुणाला जाणार हे सांगायची गरज नाही.

गर्दी पांगली. पुढच्या सामन्याची शिट्टी झाली. बाबाजी घामानं भिजून खुर्चीत बसला होता. त्याचं नाव बुडायचं तर राहिलंच, उलट दुप्पट झालं होतं. जन्मात आता त्याला कुणी चिखलात उतरवणार नव्हतं. हरेशनं खुर्ची सावलीत ओढली आणि तो त्याच्या पायाशी उकिडवा बसला.

"हरेश," बाबाजी म्हणाला.  "तुज्या पायाचं... मना तुला सांगायचं व्हतं."

"मनाच तुमाला सांगायचं हाय, काका," हरेश म्हणाला. "तीन वर्सं सांगू सांगू म्हनतो, पन लाज वाटते. तुमी पाय लावलाव तवा बोल्ला व्हताव, सात दिस सुकट खायाची नाय. तिसऱ्या दिशी आयेनं वांग्यात सुकट टाकलेली. मना लय भूक लागलेली. मी खाल्ली." त्यानं खाली बघितलं. "तवाच हाड वाकडं झालं. तुमचा पाय बरोबर व्हता. ती डॉक्टरबाय तुमचं नाव इचारत व्हती, पन मी कशाला सांगू? खोट माजी व्हती."

बाबाजीला ते आठवेना. तो प्रत्येकाला काहीतरी बंद करायला सांगायचा. घरात मेथी शिजत असली तर मेथी, बोंबील भाजत असले तर बोंबील. त्या दिवशी हौसा चुलीवर सुकट परतत असेल, तिचा वास नाकात गेला असेल. एवढंच. आणि हे पोर तीन वर्षं एका वाटीभर भाजीचा गुन्हा उरावर घेऊन त्याची खुर्ची वाहत होतं. बाबाजीला लाज वाटली. म्हशीपुढं, बायकोपुढं, त्या डॉक्टरपुढंसुद्धा वाटली नव्हती एवढी वाटली. आता बोलायलाच हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्यानं तोंड उघडलं, आणि कर्ण्यावर दिनानाथ त्याचं नाव घेत होता, आणि माणसं वळून वळून टाळ्या वाजवत होती.

हरेश प्लास्टरकडं काळजीनं बघत होता.

"काका," त्यानं विचारलं, "तुमी नाय ना खाल्लीव सुकट?"

"नाय," बाबाजी म्हणाला.

"खाऊ नका," हरेश म्हणाला, आणि पुसट झालेली रेषा चुन्यानं पुन्हा आखायला लंगडत मैदानात गेला.